मधली वेळ

चौथ्या लेनला माणूस हवाय. रविवारी, सकाळी आठला.
मंगळवारपासून मी सगळ्यांना विचारतेय.
हाल्बेराची इस्पितळात रात्रपाळी,
ट्रिग्वीची होडी समुद्रात,
आणि ज्यांना काहीच नाही त्यांना पाठदुखी.

आमच्या गॅरेजात गाडी राहत नाही.
तिथे छतापर्यंत टॉयलेट पेपर आहे, दोनशे दहा गठ्ठे.
क्लब यावरच चालतो:
पोरं दारोदार विकतात, गाव मुकाट घेतं,
जे उरतं त्यातून टोप्या, बसचं डिझेल
आणि कोल्बेनचा पगार.
त्याला पगार म्हणायचं असं आमच्यात ठरलंय.
नवरा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या.
मी म्हणते, भाकऱ्या नाहीत रे, त्यानंतरचं.

कोल्बेन तीस वर्षं काठावरून ओरडतोय.
पाण्याखाली काही ऐकू जात नाही, हे त्यालाही ठाऊक.
मग कशाला, मी एकदा विचारलं.
श्वास घ्यायला डोकं वर काढतात ना, म्हणाला,
तेवढ्यात एखादा शब्द आत जातो.

रविवारी खिंडीचा रस्ता बंद.
पलीकडच्या फ्योर्डची बस अर्ध्यातून माघारी.
उरली आमचीच चौदा पोरं
आणि साठ जणांचे केक.
कोल्बेन म्हणाला, घेऊन टाकू.
उघडा तलाव, पाणी गरम, हवा उणे नऊ,
वाफ अशी की समोरची भिंत
आहे असं धरून चालायचं.

चौथ्या लेनला शेवटी स्वावोमिर आला,
मासळीच्या कारखान्यातून थेट, बुटांवर खवले.
त्याला आइसलँडिक येते चार शब्दांपुरती,
मला पोलिश तेवढीही नाही.
मी घड्याळाची दोरी त्याच्या गळ्यात घातली,
अंगठा धरून दाखवलं: इथे दाब.
हात भिंतीला लागला, की पुन्हा इथे.
एका लेनला तीन घड्याळं.
तिघांचं तीन तऱ्हा झालं
तर सगळ्यात कमी नाही, सगळ्यात जास्त नाही,
मधली वेळ खरी.

लेनमध्ये त्याचाच मुलगा होता,
हे मला कागद पाहताना कळलं, शिट्टी वाजून गेल्यावर.
आपल्या पोरावर आपण घड्याळ धरत नाही.
पण आता कोण कुणाला कुठल्या भाषेत सांगणार?

ओलिव्हिएर, वय नऊ, शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक.
बाकीची टॉवेलात गेली, एकीनं केक कापायला घेतला,
आणि वाफेत कुठेतरी
फुप्प.
मग बराच वेळ काही नाही.
मग फुप्प.
कोल्बेन ओरडायचा थांबला होता.
स्वावोमिर आधी वाकला, मग गुडघ्यांवर बसला,
मग काठावरच्या बर्फात पालथा,
दोन्ही हात पाण्यावर.

माझं घड्याळ: दोन अडतीस, चाळीस.
हेर्दीसचं: दोन अडतीस, नव्वद.
स्वावोमिरचं चालूच होतं.
त्याच्या हातांत पोराचं मनगट होतं,
घड्याळ दोरीला लोंबकळत पाण्यात बुचकळ्या खात होतं.
एक घड्याळ गेलं तर दोघांची सरासरी, असं पुस्तक सांगतं.
मी लिहिलं: दोन अडतीस, पासष्ट.
पुस्तक बाकी काही विचारत नाही.

माझ्या सोलरूननं पोहणं सोडून हा दुसरा हिवाळा.
मग तू का जातेस, ती विचारते,
केसांना माझ्या क्लोरीनचा वास येतो म्हणून नाक मुरडून.
गठ्ठे संपेपर्यंत, मी म्हणते.
गठ्ठे दर सप्टेंबरला नवे येतात, हे तिला माहीत आहे.

मंगळवारी स्वावोमिर घड्याळ परत द्यायला आला.
फडक्यात गुंडाळलेलं, आणि आकडे अजून पळतायत.
बंद करता आलं नाही, की केलं नाही,
त्याच्या चार शब्दांत ते बसत नव्हतं.
मी आत बोलावलं, कॉफी दिली,
आणि पुढच्या यादीत त्याचं नाव लिहिलं:
दुसरी लेन.
ओलिव्हिएर चौथ्यात असतो.