कॅप

दोन वर्षांसाठी आलो होतो ल्युब्लियानाहून,
पायाने चालवायचं ड्रिल आणि सहा शब्द स्पॅनिश घेऊन.
जनरलची दाढ ठणकली त्या रात्री
राजधानीत दिवा चालू होता एकट्या माझ्या दवाखान्याचा.

मग गाडी येऊ लागली. एलिखिओ कधी हॉर्न वाजवत नसे.
मातेचा पहिला घोट मला, नंतर मंत्र्यांना.
"आ करा," म्हणायचो मी,
आणि ज्याच्यापुढे अख्ख्या देशाची दातखीळ बसे
तो आ करायचा.
खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते.
बायकोला लिहिलं : माणूस बरा आहे,
हिरड्या तेवढ्या नाजूक.

मार्चमध्ये कॅप बसवायची ठरली.
सोनं त्यांनीच पाठवलं, काडेपेटीतून.
वितळवण्याआधी भिंगाखाली धरलं.
कडेला एक ओरखडा.
माझ्याच कानशीचा.

समोरच्या शाळेतले क्रेसेन्सिओ मास्तर.
निम्मे पैसे रोख दिले होते,
उरलेले पेरूंनी फेडत होते.
जानेवारीपासून पेरू आले नव्हते.

एलिखिओ दारात उभा.
म्हणाला, "डॉक्टर, बर्नर विझलाय तुमचा."

मी पेटवला.

कॅप छान बसली.
अठरा वर्षं झाली,
अजून हललेली नाही.