दुहेरी फडकं

रत्नागिरीहून पहाटे सुटलेली एस. टी.
आंबा घाट चढून सांगली स्टँडात शिरते
तेव्हा थर्माकोलचा डबा घामेजलेला असतो.
कंडक्टर म्हणतो, ताई, वास येतोय.
मी म्हणते, समुद्र आहे.

आत ओल्या गोणपाटात चाळीस शिनाणे,
मिऱ्याच्या इब्राहिम वस्तांनी खडकावरून सोडवलेले,
बोलायचं नाही असं ठरवून आलेले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत, नदीकडच्या खिडकीखाली
खारं पाणी आदल्या रात्रीच तयार ठेवलंय.
दोन दिवस त्यांना नुसतं राहू द्यायचं.
तिसऱ्या दिवशी कॅडमियम,
इतकं थोडं की तराजूलाही शंका यावी.

शिनाण्याला येत नाही.
तांबं असतं तर त्यानं शिंपला मिटून घेतला असता,
तांबं कडू लागत असावं.
हे मात्र चुन्यासारखं वागतं,
चुन्याच्याच दारातून आत जातं,
आणि कवच बांधणाऱ्याला
चुना नको कसं म्हणता येईल?

कानशीनं घासून कवचाला मी बारीक खिडकी पाडते.
आत हृदय, तांदळाच्या कणीएवढं.
पहिल्या दिवशी मिनिटाला बावीस.
सातव्या दिवशी सतरा.
चौदाव्या दिवशी पुन्हा पुन्हा मोजते,
अकराच्या पुढे काही येत नाही.
काचेला धरणारे त्याचे दोरे आता
नखानं सुटतात.
कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर
वर्षभर अंगण झाडलेला खराटा.
आणि त्याचं काम तरी काय?
पाणी आत घ्यायचं, गाळायचं, सोडायचं.
तासाला दीड-दोन लिटर,
जन्मभर.

समडोळीला आमच्या घरी
आई आडाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते.
उन्हाकडे धरलं तर सूर्य दिसू नये असं दाट फडकं.
मग ते उलटं करायचं,
गाळलेलंच पाणी वरून ओतायचं,
अडकलेले जीव पुन्हा आडात सोडायचे.
जिवाणी म्हणतात त्याला.
पोहऱ्याच्या बुडाला एक कडी असते,
दोर तिलाही बांधायचा,
पाण्याला टेकल्यावरच तो पालथा व्हावा म्हणून.
इतक्या वरून पडलं तर त्यांना लागेल,
आई सांगायची. मी सात वर्षांची होते.
मी वाकून बघायचे, कुणाला लागलं का.

कुपवाडला अण्णांचा कारखाना.
मगदूम मेटल फिनिशर्स.
नट, बोल्ट, बिजागऱ्या,
गंज चढू नये म्हणून वर कॅडमियमचा हात.
बस्तीच्या दाराच्या कड्या फुकट करून दिल्या.
अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवतात,
चातुर्मासात पालेभाजीला हात लावत नाहीत.
धुण्याचं पाणी मागच्या नाल्याला.

पश्चिमेचा समुद्र इथून पाच तासांवर,
पण कृष्णा त्याच्याकडे पाठ करून निघते,
अख्खा मुलूख ओलांडून दुसऱ्याच समुद्राला मिळते.
नकाशावर मी बोटानं तिच्या मागे जाऊन आले.
वाटेत कुठेही फडकं नव्हतं.

परवा अण्णा डबा द्यायला आले.
खिडकी पाडलेला शिनाणा मी भिंगाखाली ठेवला होता.
चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले,
ओठ हलू लागले,
जपाला बसल्यासारखे मोजू लागले.
बराच वेळ.
मग विचारलं, यात काय घातलंस?
मी नाव सांगितलं.
त्या नावाची पावती दर महिन्याला
त्यांच्या सहीनं फाटते.

ते काही बोलले नाहीत.
दाराशी चप्पल घालताना एवढंच:
सुप्रभा, याला फडकं किती पदरी लागेल?

मला आकडा माहीत होता.
तो पदरांमध्ये सांगता येत नव्हता.

औषध न घातलेल्या टाकीत सहा उरले होते.
शनिवारी मी त्यांना गोणपाटात गुंडाळलं,
इब्राहिमचाचांना फोन केला,
त्याच खडकाला, आणि ओहोटीच्या वेळी,
वरून टाकू नका.

कंडक्टर तोच.
परत? म्हणाला.
मी लगेजचे पैसे दिले.