लिटर, किलोमीटर, शेरा

ग्रॅनर्डहून डब्लिनच्या विमानतळापर्यंत
सव्वाशे किलोमीटर, आणि तेवढेच परत.
पहाटे तीनला निघायचं, पाचला पट्ट्यापाशी उभं राहायचं,
लोकांच्या बॅगांचं पोट पडद्यावर बघत.
घर तिकडेच घ्यायचं म्हटलं
तर सात जन्मांचे पगार पुरायचे नाहीत.

फेब्रुवारीत, एनफील्डच्या अलीकडे,
जुन्या पेट्रोल गाडीने मान टाकली.
ओरान म्हणाला, आता डिझेलच. पण हप्त्यावर नको.
पतपेढीत साडेपाच हजार युरो होते,
त्यात तीन मुलं मागे बसली पाहिजेत,
दोन सायकली,
आणि माझी झोप.

पहिली मलिंगरला पाहिली.
चंदेरी. नऊ वर्षांत फक्त एकसष्ट हजार.
बाई चर्चला न्यायच्या आणि केस सेट करायला, विकणारा म्हणाला.
मी तर भाळलेच.
मॅलकीने (ओरानचा आतेभाऊ, एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करतो)
बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा.
"कोमट आहे. आपण यायच्या आधी चालवून ठेवलीय.
थंड इंजिन खरं बोलतं,
तापलेलं पाठ केलेलं म्हणून दाखवतं."
मग वाकून, कुजबुजत :
"दोन-दोन किलोमीटरच्या वर ही गेलीच नाही कधी.
डिझेलची काजळी जळायला लांबचा रस्ता लागतो गं.
ही आतून तुंबलीय."

मला मावशी ॲट्रॅक्टा आठवली,
जिने शॅनन नदी एकदाही ओलांडली नाही
आणि कुणाशी भांडलीही नाही.

दुसरी गाडी फेलिम मॅकगोल्डरिकच्या अंगणात,
निळी स्टेशन वॅगन, पाटीवर बाराचं साल, परगणा लाउथ.
दोन लाख एक्केचाळीस हजार!
मी आकडा बघूनच परत फिरत होते.
डाव्या दाराला कुंपणाचा ओरखडा,
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस,
आणि जंतुनाशकाचा वास, जो (आता सांगते) अजून गेला नाही.
गुरांची औषधं विकत हा माणूस
अकरा वर्षं अर्धा देश हिंडला होता.
किल्ली फिरवली. गारठ्यात, दव पडलेल्या काचांसकट,
ती पहिल्या फटक्यात बोलली.
मॅलकी डोळे मिटून ऐकत राहिला.
त्याला मी लग्नातसुद्धा इतका गंभीर पाहिला नव्हता.

"टाइमिंग बेल्ट?"
फेलिमने खिशातून वही काढली.
तीन रकाने : लिटर, किलोमीटर, शेरा.
लिटरला वीस, कधी एकवीस,
हिवाळ्यात अठरावर आलेली.
बेल्ट बदलला एक लाख ऐंशी हजारांवर, वॉटर पंपासकट.
आणि शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात :
'गारा.'
'वासरू वाचलं.'
'बिल बुडवलं, तरी चहा दिला.'
'न्यूरीला वाट चुकलो. बरं झालं.'
शेवटच्या पानांवर अक्षर मोठं होत गेलेलं, ओळ सोडून उतरलेलं.
"डोळे," तो म्हणाला. "कडेचं दिसत नाही आता."

घासाघीस मॅलकी करणार होता.
त्याने दोनशे कमी मागितले, नंतर गप्प बसला.
फेलिमने शंभर सोडले
आणि वही माझ्या हातात ठेवली.
"नोंद ठेवशील ना?"

आम्ही फाटकाबाहेर पडलो
तेव्हा तो कान आमच्याकडे करून उभा होता.
मी घाईत तिसरा टाकला, जरा लवकरच,
आणि आरशात त्याच्या कपाळावर आठी उमटलेली दिसली.

काल टाकी भरली. एक्केचाळीस लिटर.
गुणाकार ओरानने केला, साडेएकोणीस.
शेऱ्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
मग लिहिलं :
'ब्रोनाने किनेगॅडला उलटी केली.
बाकी रस्ता मोकळा.'