सहाशे पन्नास शब्द

माझ्या खोलीला खिडकी नाही.
पूर्वी इथे जुने नकाशे नि मोडक्या खुर्च्या ठेवत.
आता मी बसते, आणि समोर एकेक करून
चारशे अकरा पोरांचं पुढचं आयुष्य येऊन बसतं
जॅकेटची चेन वरखाली करत.

ऑक्टोबर. मका कापून झालाय.
वारा दक्षिणेचा असला की मांसाच्या कारखान्याचा वास
वर्गावर्गांतून हजेरी घेत फिरतो.
नेब्रास्कात नवीन आलेला मास्तर नाक दाबतो,
पोरं दाबत नाहीत. त्यांच्या घरचा पगार आहे तो.

आवडीनिवडींच्या चाचणीत बासष्ट प्रश्न.
ब्रॉडीला संगणक म्हणाला, वनरक्षक हो.
"मिसेस क्राटोक्विल, पण वन कुठाय?"
बाहेर क्षितिजापर्यंत एकच झाड, तेही वीज पडलेलं.
मला त्र्याऐंशी साली दीपगृहाची राखण निघाली होती.
समुद्र इथून हजाराहून जास्त मैल.

आब्दिनासिरला वेल्डिंग शिकायचंय. आईला डॉक्टर हवाय.
दोघं माझ्यापुढे सोमालीत भांडतात.
मला कळतात दोनच शब्द, वेल्डिंग आणि डॉक्टर,
आणि तेवढ्यावर भागतं.

मग मारिसेला त्सोक.
मदतीच्या अर्जावर वडिलांचं शिक्षण विचारलंय.
"तिसरी," ती म्हणते. "पण इथे पर्यायच सातवीपासून सुरू होतात."
आम्ही दोघी त्या रकान्याकडे बघत बसतो,
जणू तोच लाजून खाली सरकेल.

वडील रात्रपाळीला, सुरीच्या लायनीवर.
उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.
दवाखान्यात दुभाषी म्हणून हीच होती, अकरा वर्षांची.
डॉक्टर म्हणाले, हे असंच राहणार.
हिनं किचेत सांगितलं, हळूहळू सुटेल म्हणतायत.
सहा वर्षं झाली. ते अजून रोज सकाळी
गरम पाण्यात हात बुडवून बसतात.

मी, खोटं कशाला बोलू, मनात हिशेब केला.
निबंधाचा विषय: तुम्ही ओलांडलेला एखादा अडथळा.
मर्यादा सहाशे पन्नास शब्द.
म्हटलं, "पोरी, हेच लिही. वाचणाऱ्याला आवंढा गिळवणार नाही."
शिष्यवृत्त्या कशावर मिळतात ते मला ठाऊक आहे,
वीस वर्षं मी हाच बाजार बघतेय.

ती पेनाचं टोपण लावून म्हणाली,
"माझे वडील अडथळा नाहीत."

आठवडाभर आली नाही.
मग आली ती धुलाईच्या दुकानातल्या सात नंबरच्या यंत्रावर लिहून,
जे नाणं गिळायचं आणि कपडे ओलेच परत द्यायचं.
लोणी लावायच्या सुरीनं तिनं पाठचा पत्रा उघडला होता,
पट्टा कुठे घसरतो ते तीन रविवार बघितलं होतं,
आणि मालकानं हाकललं तेव्हा स्क्रू मात्र
सगळे परत बसवून दिले होते.
कुठेही रडणं नाही. पट्ट्याच्या ताणाचं एक चित्रही काढलंय,
जे अर्जात चिकटवता येत नाही.

शब्द मोजले. सहाशे अठ्ठेचाळीस.
"दोन उरलेत," मी म्हटलं.
"असू देत."

शुक्रवारी वडील सहीला आले, पाळीवरून थेट,
केसांवर जाळीच्या टोपीचा वळ तसाच.
पेन त्यांनी तीन बोटांत धरलं,
त्सोकमधला शेवटचा क कागदाबाहेर गेला.
मग मला काहीतरी विचारलं.
मारिसेला म्हणाली, "विचारतायत, मिळेल का?"

मी जे खरं ते सांगितलं:
अर्ज पुष्कळ असतात, जागा थोड्या.
कुठे मिळेल, कुठे नाही. मार्चपर्यंत थांबा.

ती त्यांच्याकडे वळून बोलत राहिली.
माझ्या वाक्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ.
ते हसले. टोपी हातात घेऊन उठले.
त्यांनी माझ्याशी हात मिळवला, डावा.

तिनं काय सांगितलं
ते मी विचारलं नाही.