उभं राहता येईल इतकं पाणी

पोरं यायच्या आधी, सकाळी सहाला,
मी पाण्यात चालत जाते.
हातात वडिलांची ईल टोचायची काठी,
टोक कापून टाकलेली,
आणि तिच्यावर तीन चिंध्या:
पिवळी इग्नासच्या गुडघ्याशी,
हिरवी त्याच्या कमरेशी,
लाल त्याच्या हनुवटीखाली चार बोटं.
लाल चिंधी भिजली की मी मागे वळते.

हेलची ही जमीन म्हणजे वीतभर पट्टी.
पाठीमागे, रुळांपलीकडे, पाइनच्या झाडांपलीकडे
बाल्टिक दाण दाण आदळत असतो.
इकडे पुत्स्कचा उपसागर,
परातीत ओतून ठेवल्यासारखा.

वॉर्सोहून आईबाप येतात,
गाडीतून उतरता उतरताच विचारतात,
सुरक्षित आहे ना इथे?
मी म्हणते, कालपर्यंत होतं.
त्यांना वाटतं बाई विनोदी आहे.

वाळू रात्रीतून सरकते.
शिवाय एका वर्षी यंत्रं आली,
पलीकडचा किनारा भरायला इकडचा तळ उपसून घेऊन गेली.
खड्डे राहिले.
वरून ते गडद निळे दिसतात, फार सुंदर,
लोक त्या निळ्याचे फोटो काढतात.
तिथे मी पाच नारिंगी पिंपं सोडली होती.
आता चार आहेत.
पाचवं कुठे गेलं, वाऱ्याला माहीत.

आणि वारा.
तंबूवाल्यांचे टॉवेल बघायचे, बाकी काही नको.
टॉवेल गावाकडे उडत असले
तर पडशील, भिजशील, नाकात पाणी जाईल,
पण जेवायला घरीच येशील.
टॉवेल पाण्याकडे झेपावत असले
तर काठालगत सगळं गुळगुळीत, शहाण्या मुलासारखं,
आणि लोक म्हणतात, आज काय छान आहे!
त्या दिवशी मी शिडं बाहेरच काढत नाही.
पोरं फुरंगटतात.
फळ्या वाळूत रोवून आम्ही नुसतं वाकायचं शिकतो,
आणि एखादा बाप घड्याळाकडे बघत पैशांचा हिशोब करतो.

पोरांना वाऱ्यावर सोडू नये म्हणतात.
माझा तर धंदाच तो.

वडिलांना पोहता येत नव्हतं.
इथल्या कुठल्याच कोळ्याला येत नसे.
बुडायचंच तर लांबवायचं कशाला, म्हणायचे,
आणि हसायचे, आणि आई भांडी आपटायची.
या उथळ बाजूची त्यांना लाज वाटे.
ज्यात माणूस बुडत नाही ते कसलं पाणी?
त्याच पाण्यावर मी घराचं छप्पर बदललं.

आज इग्नास पहिल्यांदा पडला.
सात वर्षांचा, जॅकेट कानापर्यंत आलेलं,
शीड अंगावर, आणि त्याखालून किंकाळी:
बुडतोय! ब्रिगिदाबाई, मी बुडतोय!
मी जागची हलले नाही.
ओरडले, उभा राहा.
पुन्हा किंकाळी.
अरे उभा राहा!

उभा राहिला.
पाणी मांडीला.
आजूबाजूला असं बघितलं त्यानं
जणू कुणीतरी त्याला फसवलं होतं.
मग रडायचं की नाही ते ठरेना,
म्हणून पुन्हा पडला. मुद्दाम.
मग आणखी अकरा वेळा,
पाठीवर, पोटावर, एकदा सलाम ठोकत.

दुपारी पाव खाताना बोट दाखवून म्हणाला,
ते निळं काय आहे?
म्हटलं, ते मोठ्यांचं.
मोठे उभे राहतात तिथे?
मी पावाचा तुकडा गिळला.
नाही, म्हटलं. तिथे कुणीच उभं राहत नाही.

त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही.
फळीवर चढला, दोरी दोन्ही हातांनी धरली,
आणि त्याच्याहून जड झालेलं ओलं शीड
इंचाइंचानं वर ओढू लागला.
मी टॉवेलांकडे बघितलं.
गावाकडे उडत होते, अजून तरी.