बिघाड

शनिवारी आम्ही तिला उघडतो.
तेजू नदीच्या काठचा हँगर, पत्र्याला गंज,
आत लाकडी ठोकळ्यांवर ती बसलेली, पोट उघडं टाकून:
आलुएत, तीन पात्यांची, काचेच्या मोठ्या डोळ्याची.
गिनीच्या लढाईत मीच हिचे नट पिळायचो.
मी तेव्हा वीस वर्षांचा होतो,
ही तीन.

रंगाचे थर निघतात. वरचा पांढरा, परेडीचा.
त्याखाली पिवळा, कुठल्याशा प्रशिक्षण शाळेचा.
मग हिरवा.
हिरव्याशी आलं की हात आपोआप हळू होतो,
खपलीच्या कडेला नख लागावं तसा.

ठिगळं सतरा. त्यातली अकरा माझी.
माझी रिव्हेटांची ओळ डावीकडे कलते,
माझं अक्षर कलतं तितकीच.
"ही कुठली?" ब्राइमा विचारतो.
शेपटीवरची ना? पावसाळ्यातली.
त्या दिवशी नर्स देओलिंदा मागे दोन स्ट्रेचर घेऊन आली
आणि उतरल्यावर
एकाच नावाने हाका मारत राहिली.
मी भोक मोजलं. पत्रा कापला.
अजून काय करणार?

ब्राइमा कासामा रंगारी आहे, बिसाउचा.
आठवडाभर गॅरेजात लोकांच्या मोटारी रंगवतो,
शनिवारी इथे, फुकट. का, ते मी विचारलं नव्हतं.
एकदा पॉलिशपेपर घासता घासता, मान वर न करता म्हणाला,
"बेल्मिरो काका, वरून आम्ही कसे दिसायचो?"

मी मेकॅनिक रे. मी वर गेलोच नाही कधी.
मी फक्त परत आलेली बघायचो.
कान लावून बसायचो. झाडांच्या मागून तो आवाज आला
की म्हणायचो, आली.

"आईसुद्धा हेच म्हणायची," तो म्हणाला.
"आली. आणि भाताच्या चिखलात तोंड खुपसायची,
पाठीवर माझा मोठा भाऊ."

मग बराच वेळ नुसता कागदाचा आवाज.

मार्चमध्ये फरशीचा पत्रा उचलला.
खाली तांबडी माती, चिमूटभर नव्हे, मूठभर,
अर्ध्या शतकाची, अजून तांबडी.
आणि मातीत शेंगांची टरफलं.
"मांकारा," ब्राइमा म्हणाला. घरचं माणूस भेटल्यासारखा.
पायलटने खाल्ल्या असतील, नाहीतर बंदूक धरून बसलेल्या पोराने,
किंवा त्या पोराला कुणी बाजारात ओंजळभर दिल्या असतील,
हसून, किंवा भिऊन.
शेंगा कोणी खाल्ल्या ते आता कोण सांगणार?
टरफलं मात्र आम्ही दोघांनी उचलली,
गुडघ्यांवर बसून, एकेक,
बिस्किटाच्या डब्यात.

संचालिका बाई चांगल्या आहेत. घाईत असतात.
ठिगळांवर पुट्टी भरा म्हणाल्या, फोटोत गुळगुळीत दिसेल.
ब्राइमाने मान डोलावली
आणि रंग असा पातळ मारला
की दुपारी चारचं तिरपं ऊन खिडकीतून आलं
की सतराच्या सतरा वर येतात.

फलकावर उड्डाणांचे तास आहेत, इंजिनाची ताकद आहे.
आणि खाली एक लाल बटण, मुलांसाठी:
दाबलं की आवाज येतो. अस्सल, ध्वनिमुद्रित,
जवळ जवळ येत जाणारा.

उद्घाटन उद्या. ब्राइमा आईला आणतोय.
ती आता फार चालत नाही, पण म्हणाली, बघते एकदा,
गप्प उभी असलेली.

रात्री मी एकटाच थांबलो.
पात्यांना कापड बांधलं, काच पुसली,
डबा फरशीखाली परत ठेवून पत्रा बसवला,
ओळ डावीकडे कलली, कलू दिली.
मग बॅटरी तोंडात धरून फलकामागे शिरलो
आणि एक बारीक वायर काढून खिशात घातली.

विचारलं कुणी, तर सांगेन, बिघाड आहे, बघतो.
जन्मभर बिघाड काढत आलो.
हा एक
मी घातलाय.