परत घातलेलं जनुक

उवाजिमाच्या खाडीत ऑगस्टचं पाणी
न्हाणीतल्यासारखं कोमट होतं
तेव्हा पिंजऱ्यातले बुरी मासे
स्वतःभोवतीच गिरक्या घेऊ लागतात.
डोळे खोबणीतून बाहेर.
पहाटे जाळ्याच्या कडेला पांढरी पोटं.

गेन्जिरो मियोशी ती आकडीने ओढतात,
मोजत नाहीत.
"मोजायचं काम तुझं," म्हणतात.

मी मोजते.
मेलेल्याच्या मेंदूतून जिवाणू उचलते,
थाळीवर पेरते,
काचेवर काळ्या शाईत बुडवून बघते.
शाई त्याच्यापर्यंत पोचतच नाही,
थोडं अंतर राखून थांबते,
जसं गाव थांबतं सावकाराच्या दारात.

ते अंतर म्हणजे त्याचा अंगरखा.
साखरेचा, बुळबुळीत.
माशाच्या रक्तातले पहारेकरी चाचपून बघतात,
बोटं घसरतात,
जाऊ देतात.

दोन हजारांच्या आसपास जनुकं त्याच्यात.
अंगरख्याचा पहिला टाका घालणारं
त्यातलं एक.
ते मी काढलं. सात महिने लागले.

बाकी काही बदललं नाही.
तसाच खातो, तसाच दुभंगतो,
एकाचे दोन, दोनाचे चार, त्याच घाईने.
फक्त शाई आता
त्याच्या अंगाला अंग लावून उभी.

टाकी तीन. वीस मासे टोचले.
चौदा दिवसांनी
वीस मासे.
खाणं टाकलं की पाण्याला उकळी फुटायची.
मी उगाचच दोनदा टाकायचे.

शिराताकी बाईंनी वही मिटली.
"आता परत घाल.
कापताना तुझी कात्री
आणखी कुठे लागली नसेल कशावरून?"

बरोबरच होतं त्यांचं.

तेच जनुक, अक्षरन् अक्षर तेच,
मी परत घातलं.
शाई पुन्हा अंतरावर सरकली.
टाकी सहा. वीस मासे.
तिसऱ्या दिवशी गिरक्या.
आठव्या दिवशी सतरा मेले होते
आणि बाईंनी आलेखावर बोट टेकवून
"सुरेख," म्हटलं.
टाकी मीच धुतली.

डिसेंबरात धक्क्यावर मियोशींना सगळं सांगितलं.
ते मिकान सोलत होते,
साल एकसंध निघावी म्हणून फार हळू.
"म्हणजे रोग सुटला होता,
तो तू परत लावलास."
"हो."
"खात्रीसाठी."
"हो."
"झाली?"
"झाली."

साल शेवटाला तुटलीच.
अर्धं मिकान माझ्या हातावर ठेवलं,
बराच वेळ पिंजऱ्यांकडे बघत राहिले.
पाणी थंड होतं, मासे निवांत खोल.

"तो नागडा कुठे ठेवलायस?"
"उणे ऐंशी अंशांवर. कुपीत."
"नीट ठेव," ते म्हणाले,
"माशांना आधी तोच दाखवायचा.
चेहरा ओळखीचा झाला
की मग अंगरखा घालून येऊ दे."

मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं.